निवांतांची साथ

माणसं एकमेकांना चावत सुटली असती, तर माणूसजात कदाचित वाचली असती. चावणाऱ्यापासून पळता येतं, त्याच्या तोंडावर दार लावता येतं, वेळच आली तर गोळीही घालता येते. पण भरल्या ताटासमोर गप्प बसून राहिलेल्या आपल्याच माणसाचं काय करायचं, याचं उत्तर कुठल्याही सैन्याकडे नव्हतं.

परदेशी वाहिन्यांनी त्यांना झॉम्बी म्हटलं, कारण तो शब्द तयार होता. बार्शीत, जिथे हे सगळ्यात आधी दिसलं, तिथले लोक नुसतं म्हणायचे, “अमका निवांत झाला.”

पहिला निवांत झाला तो दिगंबर ताटे. शहराबाहेरच्या एका खासगी गोदामाचा वखारपाल. तापट गडी. हमालांना शिव्या घालण्यात हयात गेलेली. एके दिवशी त्याने कोणालाच शिवी दिली नाही. चहा आणून दिला तर प्यायला, नाही दिला तर पोत्यावर तसाच बसून राहिला. राग नाही, हाव नाही, कशाची मागणी नाही. त्याच्या बायकोने आधी देवाचे आभार मानले. शेजारी त्याही पुढे गेले. ताट्यांचा दिगू पोहोचलेला पुरुष झाला, म्हणाले. बघता बघता दर्शनाला रांग लागली. आला तो त्याच्या उघड्या पायांवर कपाळ टेकवून गेला. दुसऱ्या कुठल्या मुलखात त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. इथे त्याच्यापुढे नारळ फुटले, आणि साथ त्या पायांपासून निघाली.

गोदामात धान्याला लावायचं एक नवं रसायन आलं होतं. ते विष नव्हतं, हीच त्याची जाहिरात होती. धान्यातला सोंडा त्याने मरत नसे. सोंड्याची खाण्याची इच्छा मरत असे. कीड दाण्यावर बसून राही आणि दाण्यावरच उपाशी मरे. माणसाच्या पोटातून ते जसंच्या तसं बाहेर पडतं, असं चाचण्यांत दिसलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. कातडीतून आत शिरलं तर काय होतं, एवढंच बघायचं राहून गेलं होतं.

मेंदूच्या तळाशी पेशींचे काही छोटे पुंजके असतात. ‘हवंसं वाटलं’ इथपासून ‘हात पुढे केला’ इथपर्यंतचा रस्ता त्यांच्यातून जातो. बुद्धी, आठवणी, भाषा यांचा कारभार दुसरीकडे चालतो. हे रसायन बरोबर त्या पुंजक्यांत जाऊन बसे आणि रस्ता बंद करी. म्हणून निवांत माणसाला पाढे येत, नातवंडांची नावं येत. विचारलं तर उत्तर मिळे, सांगितलं तर काम होई. आपणहून मात्र काही होत नसे. पाण्याचा तांब्या हाताशी असूनही माणूस तहानेने सुकून जाई, कारण ‘पाणी पी’ म्हणायला जवळ कोणी नसे. आणि दुखणं जुनं झालं की सांगूनही घास गिळला जात नसे.

साधं रसायन पसरता पसरता विरळ होऊन संपतं. हे संपलं नाही. शरीरातल्या चरबीत त्याच्याशी मिळताजुळता एक रेणू असतो. त्याला ते आपल्यासारखा वळवून घेई, वळलेला पुढच्याला वळवी. दुधाला विरजण लागतं तसं, चमचाभर पुरे. जंतू नसल्यामुळे लस नव्हती. रक्तात ते सापडण्याइतकं थांबत नसे, म्हणून रक्ततपासणीही नव्हती. घामातून बाहेर पडे, दुसऱ्याच्या कातडीत शिरे, आणि पातळ रबरी हातमोज्यांतून, कागदातून तेल झिरपावं तसं, पार होई. जाड मोज्यांतून होत नसे. पण जाड मोज्यांनी भरवलेला घास निवांत माणसाच्या तोंडात तसाच पडून राही. उघड्या बोटांचा स्पर्श ओठाला झाला की जन्माची सवय जागी होई आणि तो गिळत असे. पोटात नळ्या घालून अन्न देता येत होतं, पण नळ्या घालायलाही माणसंच लागतात, आणि ती पुरी पडेनात.

म्हणून निवांतांना ठेवलेल्या निगा केंद्रांवर भरवणाऱ्यांनी मोजे काढले. काढा असं कोणी सांगितलं नव्हतं. भरवणारे महिन्या-दोन महिन्यांत निवांत झाले. मग त्यांना भरवायला आणखी कोणी आलं. हा हिशेब पुढे कुठे जातो, ते शाळकरी पोरालाही सांगता आलं असतं. तो शेवटपर्यंत मांडून बघायची कोणाची छाती नव्हती.

सुरुवातीला तर ओरडही झाली नाही. ज्यांना झालं त्यांची तक्रार नव्हती, आणि ज्यांना झालं नव्हतं त्यांचं बरं चाललं होतं. सासू-सुनांची भांडणं मिटली. कार्यालयांत सांगितलेलं काम सांगितल्याबरोबर होऊ लागलं. हे दुखणं आहे की सुधारणा, यावर टीव्हीवर चर्चा झाल्या. लोक बसल्या जागी मरायला लागल्यावर त्या बंद पडल्या.

कांचन शेटे चाचणीच्या कामावर होती. पूर्वी ती आरोग्य खात्यात परिचारिका होती. आता घरोघर जाऊन लोकांना निवड करायला लावायची. ज्याला बरोबर उत्तर नाही असा प्रश्न विचारायचा. निरोगी माणूस दोहोंतलं एक उचलतो, निवांत माणूस उचलू शकत नाही. चाचणी बाहेरच्या देशात बेतलेली होती आणि तिथे ती ठीक चालली होती.

“काका, समजा तुम्हाला आत्ताच्या आत्ता एक वाटी मिळणार आहे,” एका घरात कांचनने विचारलं. “श्रीखंड घ्याल की बासुंदी?”

“काहीही चालेल.”

“दोन्हीतलं एक सांगायचं.”

“हिला विचारा.”

स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, “मला काय विचारायचंय त्यात? त्यांना आवडेल ते!”

“काकू, तुम्हाला काय आवडतं?”

“आम्हाला? आम्हाला काय, ह्यांना जे आवडतं तेच.”

कांचन एकदा बाहेर आणि एकदा आत बघत राहिली. दोघंही निवांत, की दोघंही ठणठणीत? तिचा प्रत्येक दिवस अशाच घरांनी भरलेला असे. पहिल्या फेरीत ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्या कितीतरी धडधाकट माणसांना उचलून केंद्रात टाकलं होतं, आणि तिथे ती खरोखरच निवांत झाली. उलट, जन्मभर आमरसच मागत आलेला एखादा खरा निवांत सवयीने ‘आमरस’ म्हणून सुटला. आठवड्याआड सूचना बदलत. आता म्हणत होते की माणसाचा पूर्वीचा स्वभाव लक्षात घ्या. तो कोणाला विचारायचा, हे सूचनेत नव्हतं.

त्या दिवशी ती घरी आली. हातपाय धुतले. नवरा, गुरुनाथ, दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान बरेच दिवस बंद होतं.

“जेवायला काय करू?” तिने विचारलं.

“कर काहीही.”

तिचा पातेल्याकडे गेलेला हात तिथेच थांबला.

सव्वीस वर्षांच्या संसारात गुरुनाथ हेच म्हणत आला होता. कर काहीही. तू म्हणशील तसं. बघ तुला काय वाटतं ते. बायका हेवा करायच्या तिचा. पण आज हे नुसतं वाक्य उरलं नव्हतं, लक्षण झालं होतं, आणि ते लक्षण सव्वीस वर्षं जुनं होतं.

चाचणीच्या लोकांनी आपापल्या घरच्यांचा निकाल सोमवारपर्यंत कळवायचा होता. गुरुनाथ निवांत आहे असं तिने कळवलं आणि तो नसला, तर केंद्रात जाऊन तो होणार. निवांत नाही असं कळवलं आणि तो असला, तर आज ना उद्या त्याला भरवता भरवता ती होणार. मधला रस्ता नव्हता. खरं काय ते शोधून काढणं एवढंच हातात होतं.

तिने आमटीत मीठ घातलं नाही. गुरुनाथ जेवला.

“आमटी कशी झालीये?”

“छान.”

“मीठ नाहीये तिच्यात.”

“कमी वाटत होतं खरं.”

“मग मागायचं ना!”

“तू दमून आलेली. आता परत कशाला उठवायचं?”

हे निवांताचं उत्तर होतं का? निवांताला ‘तू दमलीस’ हे सुचेल का? सुचेल की, बुद्धी तर शाबूत असते. कांचनला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी तिने त्याला गॅलरीत पाठवलं. “पाण्याचा टँकर येतोय का बघा जरा.” तेवढ्यात कामाचा फोन आला आणि ती विसरून गेली. बाहेर आली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, आणि गुरुनाथ घामाने डबडबून तिथेच उभा.

“अहो, अजून इथेच?”

“टँकर नाही आला.”

“मग आत यायचं!”

“तू बघ म्हणालीस.”

तिने त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी हाच माणूस तिला चिडवायला मुद्दाम असं करायचा. पाणी दे म्हटलं की पेला हातात देऊन समोर उभाच राहायचा, ‘आता पुढचा हुकूम?’ म्हणून. त्या वेळी डोळ्यांत हसू असायचं. आता होतं का? तिला वाटलं, आहे. मग वाटलं, उन्हामुळे डोळे बारीक झालेत.

तिने नणंदेला फोन लावला. निर्मलाक्का लातूरला असायची.

“अक्का, ह्यांना लहानपणी काय आवडायचं हो?”

“का गं? आता नवऱ्याची ओळख करून घ्यायला निघालीस होय?”

“सांगा ना. गरज आहे.”

“गुरू ना? मुलखाचा हट्टी. लाल सायकल पाहिजे म्हणून जेवण सोडलं होतं पठ्ठ्याने. आप्पांनी निळी आणली, तर तिला शेवटपर्यंत हात लावला नाही. तुझ्या घरी आला आणि गरीब गाय झाला.”

“माझ्या घरी म्हणजे? घर त्यांचंच आहे.”

“हो का? पडदे कोणी निवडले?”

कांचनने खिडकीवरच्या पडद्याकडे बघितलं.

“पोरीला पुण्याला कोणी घातलं? दुकानाचा रंग कोणी ठरवला? बोलून बोलून थकला असेल बिचारा, बोलायचं सोडलं.” मग अक्काचा आवाज बदलला. “कांचन, का विचारतेस? निवांत झाला का गं तो?”

“माहीत नाही,” कांचन म्हणाली. “खरंच कळत नाहीये.”

घरच्या माणसाबद्दल खात्री नसली, तर चाचणी दुसऱ्याकडून करून घेता येत होती. म्हणून शनिवारी ती त्याला डॉक्टर फिरदोस मुजावर यांच्याकडे घेऊन गेली. मुलींच्या शाळेत निगा केंद्र थाटलं होतं. मुख्याध्यापिकेच्या खोलीत फिरदोस मॅडम बसत. खोलीच्या खिडकीतून मोठा हॉल दिसायचा. ओळीने बसलेली माणसं, पुढ्यात ताटं, आणि रांगांमधून फिरणारे मोजके भरवणारे.

“शेटे, उद्या तुम्ही दुकान उघडलंत,” मॅडम म्हणाल्या, “तर पहिलं काम कोणतं घ्याल?”

“येईल ते.”

“विहिरीवरची मोटार आवडते की पिठाच्या गिरणीची?”

“मोटार ती मोटार. जळली की येतेच आमच्याकडे.”

“बरं, इथून घरी पायी जावंसं वाटतंय की रिक्षाने?”

“कांचनचे गुडघे दुखतात. रिक्षाच बरी.”

“तिचं नाही, तुमचं विचारतेय मी.”

गुरुनाथ खिडकीबाहेर बघत राहिला. “मला काय, कसंही,” तो म्हणाला.

मॅडमनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लोटलं.

“कांचनताई, मला नाही सांगता येत. अर्धी उत्तरं निवांताची आहेत, अर्धी चांगल्या नवऱ्याची.” त्या थकलेल्या दिसत होत्या. “आधीच्या स्वभावाशी ताडून बघू. दुखणं नव्हतं तेव्हा ह्यांना काय हवं असायचं? अगदी मनापासून हवं, असं काहीतरी सांगा.”

सव्वीस वर्षं कांचनने धुंडाळली, आणि हाताला लागलं ते सगळं तिलाच हवं असलेलं.

“चहा,” ती शेवटी म्हणाली.

“चहा सगळ्यांनाच हवा असतो हो.”

घरी पोचल्यावर तिने त्याला समोर बसवलं आणि जे होतं ते सरळ सांगितलं. सोमवार, दोन्ही निकाल, दोन्हींचे परिणाम. मग म्हणाली, “मला तुमच्याकडून ऐकायचंय. केंद्रात जायचं की इथे राहायचं? तुम्हाला काय हवंय?”

खाली रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली.

“तू ठरव,” तो म्हणाला.

“नाही ठरवणार!” कांचन किंचाळली. “एकदा तरी तोंडातून काढा काहीतरी! शिवी द्या मला! तू डोकं खातेस म्हणा, तुझी आमटी अळणी असते म्हणा!”

“आमटी नसते अळणी. त्या दिवशीच होती.”

ती हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. त्याने उठून तिला पाणी आणून दिलं. कोणी सांगितलं नव्हतं. की तिचं रडणं हेच सांगणं झालं होतं? निवांत माणूस पाणी आणतो का? तिला आठवेना. इतक्या घरांत गेली होती, आणि कुठल्याही घरात ती रडली नव्हती.

रविवारी सकाळी ती उठली तेव्हा गुरुनाथ घरात नव्हता. चपला नव्हत्या. दार नुसतं ओढून घेतलेलं.

आधी तिला आनंद झाला. आपणहून गेला! निवांत माणूस आपणहून उंबरा ओलांडत नाही. मग शंका आली. आपणहून कशावरून? रस्त्यावरचा कोणीही ‘चला’ म्हणाला असेल तरी तो मागोमाग गेला असेल. ती दुकानापाशी धावली, कुलूप तसंच. बसस्थानकावर गेली. टपरीवाल्याला विचारलं.

“शेटेमामा ना? मघाशी गेले की, शाळेच्या अंगाला.”

“कोणाबरोबर?”

“एकटेच.”

“कोणी बोलावलं होतं का त्यांना? काही सांगितलं?”

“वहिनी, चालले होते माणसं चालतात तसे. मला काय ठावं?”

शाळेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने मान हलवली. हो, एक गृहस्थ आलेत. कोणी पाठवलं विचारलं, तर कोणी नाही म्हणाले. माणसं कमी पडताहेत, म्हणून आत घेतलं.

“माणसं कमी पडताहेत म्हणजे? कशाला?”

पहारेकऱ्याने नुसतंच हॉलकडे बोट दाखवलं.

गुरुनाथ तिसऱ्या रांगेत एका म्हाताऱ्यासमोर मांडी घालून बसला होता. बाह्या दुमडलेल्या, हात उघडे. भातावर वरण घेऊन तो शांतपणे कालवत होता, मोटारीची तार गुंडाळताना बसायचा तसा, मान जराशी तिरकी करून. घास म्हाताऱ्याच्या ओठांना लावला आणि थांबला. म्हाताऱ्याने गिळलं.

“अहो!” कांचन त्याच्याजवळ जाऊन पोचली. “हे काय करताय? हात बघा तुमचे! कोणी सांगितलं हे तुम्हाला?”

“कोणी नाही.”

“मग?”

“काल खिडकीतून दिसत होतं. ह्यांच्या पुढ्यात ताट होतं आणि कोणी येतच नव्हतं. मॅडम मला रिक्षाचं विचारत होत्या, तेवढ्या वेळात कोणीच आलं नाही.” त्याने पुढचा घास कालवायला घेतला. “रात्री झोप नाही आली मला.”

“उठा. घरी चला.”

“नको.”

तिला वाटलं आपल्या कानांना काहीतरी झालं.

“काय म्हणालात?”

“नको म्हटलं.”

“अहो, महिन्याभरात तुम्ही असेच ह्या रांगेत बसाल! माहीत आहे ना तुम्हाला?”

“माहीत आहे की.”

“मी हात जोडते. चला.”

“नाही, कांचन.”

तो निवांत नव्हता. नव्हता! गेले काही दिवस ज्या एका गोष्टीसाठी तिचा जीव कासावीस झाला होता ती तिच्यासमोर बसली होती, डाव्या हाताने घाम पुसत होती, आणि तिच्याबरोबर यायला नाही म्हणत होती. आनंद करायचा की ऊर बडवायचा, हे तिला समजेना. ती तिथेच फरशीवर बसली.

“एवढी वर्षं कधी नाही म्हणाला नाहीत,” ती म्हणाली. “एकदाही नाही.”

“तू करायचीस ते बरं असायचं. सगळं मला हवं तसंच असायचं, असं नाही.” त्याने जरा विचार केला. “पण भांडावं एवढं काही वाटलं नाही कशाबद्दल. हे वाटलं.”

“मला विचारायचं तरी होतंत.”

“विचारलं असतं, तर तू ठरवलं असतंस.”

शेजारच्या रांगेत कोणीतरी पातेलं ओढत नेलं. भरवणारे जेमतेम सहा-सात दिसत होते, आणि त्यांतली एक पोरगी एकाच ताटासमोर मघापासून हातात घास धरून थांबली होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

“मग मी काय करू आता?” कांचनने विचारलं. “सांगा तुम्ही. पुण्याला पोरीकडे जाऊ? चाचण्या करत फिरू? काय करू?”

“ते मी नाही सांगणार,” गुरुनाथ म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. “तुझं तू ठरव.”

ती वाट बघत राहिली, आपल्याला काय हवंय ते आपल्याला आता कळेल म्हणून. नेहमी कळायचं, विचारायच्या आधीच कळायचं. दार समोर उघडं होतं. बाहेर ऊन होतं, रिक्षा होती, पुण्याची बस होती. डाव्या हाताला एक म्हातारी बसली होती. तिच्या ताटात कोणीतरी वरण-भात वाढून गेलं होतं, आणि भाताला वरून साय धरावी तसा पापुद्रा आला होता. म्हातारी कांचनकडे बघत नव्हती. ती कशाकडेच बघत नव्हती.

ताट आपण कधी पुढे ओढलं, ते कांचनला कळलं नाही. मनाने घेतलं म्हणून, नवरा बघत होता म्हणून, की जन्मभर लोकांना वाढत आलेले हात होते म्हणून, हे तिला सांगता आलं नसतं. तिने भात फोडला, वरण पुरलं नाही तेव्हा पातेल्यातून आणखी घेतलं, आणि घास म्हातारीच्या ओठांना लावला.

म्हातारीने गिळलं. कांचनने दुसरा घास कालवला.